सात वर्षांनी डीप हाऊसचा अल्बम करायलायस, तर आधी आवाजांमध्ये मोकळी जागा सोड

तू विचारलंयस ते थोडक्यात असं, की २०१७-१८ मध्ये डीप हाऊसचे, म्हणजे मऊ कॉर्डच्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचे, दोन ईपी (छोटे अल्बम) काढले, मग लग्न झालं, मग बेळगावात उद्यमबागला भावाबरोबर मशीन शॉप टाकलं, त्यात सात वर्षं गेली, आता खानापूरच्या घरची मागची खोली रिकामी झालीय तिथं परत बसायला सुरुवात केलीय, चौदा ट्रॅक झालेत, पूर्ण अल्बम काढायचाय पण ऐकताना काहीतरी जड लागतंय, तर दादा नवीन मॉनिटर (मिक्स ऐकायचे स्पीकर) घेऊ का, मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा हात फिरवायला, मुंबईला पाठवू का, आणि खासबागच्या कापड विणायच्या मागाचा आवाज घातलाय तो राहू दे की काढू. सोबत तीन ट्रॅक, त्यांचे सगळे चॅनेल वेगळे काढून, आणि खोलीचा फोटो. चॅनेल वेगळे पाठवलेस ते लई बरं केलंस, त्याशिवाय काही सांगता आलं नसतं.

उत्तराला चार दिवस लागले कारण तिन्ही ट्रॅक मी चार ठिकाणी ऐकले. माझ्या टिळकवाडीच्या खोलीत, चोर्ल्यापर्यंत जाऊन येताना गाडीत, मोबाईलच्या स्पीकरवर स्वयंपाकघरात, आणि येळ्ळूर रोडला मित्राचं साऊंडचं गोडाऊन आहे तिथं डॉल्बीच्या पेट्यांवर. बावीस वर्षं मी हेच काम करतोय, सुरुवात मांडवाच्या पेट्या उचलण्यापासून, मग पुण्यात एका स्टुडिओत सहा वर्षं, मग परत घरी, त्यामुळं जे सांगायलोय ते बरंचसं कानावरनं आहे.

आधी हे, की तू परत आलास ह्याचा मला मनापासून आनंद झालाय. तुझ्या दुसऱ्या ईपीतला शेवटचा संथ ट्रॅक मी अजून लावतो. त्यात चारच गोष्टी आहेत, किक (ढोलाचा खालचा ठोका), हॅट (झांजेची टिकटिक), बेस नि एक कॉर्ड, आणि ती कॉर्ड वाजून गेल्यावर जे रिकामं राहतं ना, तो त्या ट्रॅकचा जीव आहे. आता पाठवलेल्यातला दुसरा ट्रॅक उघडला तर एकेचाळीस चॅनेल. त्यात पॅडचेच, म्हणजे मागं लांब पसरणाऱ्या सुरांचेच, सहा.

जड लागतंय ते इथं. मोठ्या गॅपनंतर बसलेल्या माणसाला सात वर्षांत डोक्यात साठलेलं सगळं एकदम दाखवायचं असतं, मधल्या काळात आलेले प्लगइन वापरायचे असतात, आणि लोक विसरले असतील ह्या भीतीनं प्रत्येक आठ बारला (चार ठोक्यांचा एक बार) काहीतरी नवीन घातलं जातं. मी स्वतः हे केलंय. माझा दुसरा अल्बम नऊ वर्षांनी आला, त्यातही चौदाच ट्रॅक होते, आणि त्यातले सहा काढले असते तर उरलेले आठ आजही उभे राहिले असते हे मला आता स्पष्ट दिसतं. त्यामुळं तुला हे सांगताना मला पोटतिडीक आहे. डीप हाऊसमध्ये दोन आवाजांच्या मधली मोकळी जागा हाच मुख्य माल आहे, ती भरलीस तर उरतं ते नुसतं मिनिटाला १२१ ठोक्यांच्या टेम्पोचं पार्श्वसंगीत.

लॅरी हर्ड, म्हणजे मिस्टर फिंगर्स, त्यांचं १९८६ चं 'कॅन यू फील इट' परत एकदा काढ आणि ह्यावेळी वही घेऊन बस. किती आवाज आहेत ते मोज, एका हाताची बोटं पुरतात जवळजवळ. हा माणूस मूळचा ड्रमर, शिकागोतला, आणि मशीनवर वाजवताना त्यानं ड्रमरची शिस्त ठेवली, की एक हात उचलला तर तो कशासाठी उचलला हे कळलं पाहिजे. तुझ्यासाठी महत्त्वाचं पुढंच आहे. मिस्टर फिंगर्स ह्या नावानं त्यांचा अल्बम १९९४ ला आला आणि त्यानंतर थेट २०१८ ला, 'सेरेब्रल हेमिस्फिअर्स', स्वतःच्या अलिव्हिएटेड ह्या लेबलवर. मधल्या चोवीस वर्षांत लॅरी हर्ड ह्या नावानं काम चालू होतं, शिकागो सोडून ते मेम्फिसला जाऊन राहिले होते, डान्स म्युझिक कितीतरी वळणं घेऊन गेलं होतं, आणि परत येताना त्यांनी त्या कुठल्याच वळणाचा पाठलाग केला नाही. ऐकून बघ, मऊ कॉर्ड, जॅझकडं झुकलेले भाग, काही ट्रॅक तर नाचायचे नाहीतच. चोवीस वर्षांनी आलेल्या माणसाच्या आवाजात कुठंही घाई नाही.

दुसरं उदाहरण केरी चँडलरचं, ते पण हाऊसवालेच. २००८ च्या 'कॉम्प्युटर गेम्स' नंतर पुढचा अल्बम 'स्पेसेस अँड प्लेसेस', २०२२ ला, म्हणजे चौदा वर्षांनी. त्यांनी काय केलं तर वेगवेगळ्या शहरांतल्या क्लबमध्येच आपलं सामान मांडलं आणि त्या त्या क्लबच्या साऊंड सिस्टिमवर ऐकत, त्या जागेचा घुमारा धरून तिथंच ट्रॅक केले, ट्रॅकच्या नावापुढं क्लबचं नाव लावलं. तो लांबलचक अल्बम आहे, तेव्हा मी ट्रॅकच्या संख्येला दोष देत नाहीये हे लक्षात घे. मला एवढंच म्हणायचंय, की जागा हे वाद्य आहे हे त्या माणसाला पक्कं माहीत आहे. आता तुझी जागा कुठली, तर खानापूरची १० बाय १२ ची खोली, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. तिच्याबद्दल पुढं सविस्तर बोलतो, कारण तुझा निम्मा त्रास त्या खोलीत आहे.

त्याआधी आपल्या मातीतलं एक. सुळेभावी आपल्यापासून किती लांब, अर्ध्या तासावर. तिथं १९२४ ला कुमार गंधर्व जन्मले. पोरवयात गाजलेले, मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकलेले, आणि ऐन उमेदीत क्षय झाला. देवासला जाऊन राहिले, गायला बंदी, पाच-सहा वर्षं आवाज बंद. १९५३ ला परत मैफलीत बसले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ गेलेलं होतं, दमसास पूर्वीचा नव्हता, मग लांब पल्ल्याच्या तानांच्या जागी छोटे, तीरासारखे तुकडे आले आणि दोन तुकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जी जागा लागली तीच त्यांच्या गायकीची ओळख झाली. आणि अंथरुणावर पडून जी माळव्याची लोकगीतं कानावर पडत होती ती ते मैफलीत घेऊन आले. ती सक्तीची शांतता फुकट गेली नाही. मी तुला त्यांच्या रांगेत बसवत नाही, कुणालाच बसवता येणार नाही, पण गॅपचं काय करायचं हे मी त्यांच्याकडनंच शिकलो, म्हणून सांगायलोय.

तर तू सात वर्षं काय ऐकलंस? ह्याचं उत्तर तुझ्या पहिल्याच ट्रॅकमध्ये आहे आणि मला वाटतं तुला ते कळलेलं नाही. ब्रेकडाउन, म्हणजे किक थांबलेला भाग, संपायच्या आधी, साधारण तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर, तू शॉपमधल्या मशीनचा स्पिंडल (फिरणारा दांडा) चालू होतानाचा आवाज घातलायस, तो खालून चढत चढत एका सुरावर जाऊन थांबतो. मी गाडीत होतो, कणकुंबीच्या अलीकडं, आणि तो सूर स्थिरावला तसा अंगावर काटा आला. बाजारात मिळणाऱ्या हजार रायझरमध्ये, म्हणजे चढत जाणाऱ्या आवाजांमध्ये, तो आवाज नाही, कारण तो कुणी रायझर म्हणून केलेला नाही, ते लोखंड कापायला निघालेलं मशीन आहे आणि तू सात वर्षं रोज सकाळी ते ऐकलंयस. आणि त्याच्यावर तू अजून तीन रायझर लावलेस, एक पांढरा नॉइज, एक उलटी झांज, एक सिंथ. ते तिन्ही काढ. स्पिंडल एकटा चढू दे, सूर स्थिरावला की किक येण्याआधी एक पूर्ण बार काहीही नको. मी काढून बघितलं माझ्याकडं, ट्रॅक उभा राहतो.

आता खोली. फोटोत दिसतंय की टेबल बारा फुटी बाजूच्या एका टोकाला आहे आणि तू मागं सरकून कॉटला टेकून ऐकतोस, म्हणजे तुझे कान मागच्या भिंतीपाशी. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ह्या लांबीत पहिली उभी लाट, म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकून फुगणारा सूर, ४७ हर्ट्झला बसते, आणि दहा फुटी बाजूला ५६ ला. आणि ही लाट भिंतीजवळ सगळ्यात जास्त फुगते. तुझा दुसरा ट्रॅक जी मायनरमध्ये आहे, बेसचा मूळ सूर ४९ हर्ट्झ, म्हणजे बरोबर फुगवट्यात. तुला खोलीत बेस लई वाटला म्हणून तू तो खाली घेतलास, चॅनेलवर दिसतंयच, पाच डीबीनं. परिणाम काय, गाडीत बेस गायब, गोडाऊनमध्ये अठरा इंची पेट्यांवर पण पोट नाही. आणि खालचं काढून टाकल्यावर मधला भाग उघडा पडला, २०० ते ४०० हर्ट्झ, जिथं तुझे सहा पॅड एकमेकांवर बसलेत. जड लागतंय ते तिथलं आहे. बेसला बिचाऱ्याला उगाच शिक्षा झाली.

म्हणून नवीन मॉनिटर आत्ता घेऊ नकोस. आहेत ते पाच इंची चांगले आहेत, दुसरे आणलेस तरी त्याच खोलीत तेच खोटं ऐकू येणार. कॉट हलव, खुर्ची अशी ठेव की तुझे कान समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास येतील. अगदी मध्ये, म्हणजे सहा फुटांवर बसू नकोस, तिथं ४७ ची लाट जवळजवळ शून्य होते आणि तू उलट बेस वाढवत बसशील. चार इंची रॉकवूलचे स्लॅब कापडात शिवून घे आणि चारही कोपऱ्यांत तिरके उभे कर, मागं पोकळी राहू दे. गादीवाल्याकडनं कापसाच्या गाद्या आणून भिंतीला लावणारे मी बघितलेत, त्यानं टाळी मारल्यावरचा झणझणाट जातो, पण ५० हर्ट्झला गादी असली काय नि नसली काय सारखंच, त्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर आहे. कौलांचा मात्र तुला फायदा आहे, छत उतरतं नि पोकळ, बराच बेस वरून निघून जातो, स्लॅबच्या खोलीत हेच तिप्पट त्रासदायक झालं असतं. फक्त पावसाळ्यात माइकवर काही घ्यायचं मनात आणू नकोस, खानापूरचा पाऊस कौलांवर पडायला लागला की चार महिने गेले. त्या दिवसांत अरेंजमेंटचं काम कर, हेडफोनवर.

किक आणि बेसचं एकदा नीट सांगतो, तुझ्या तिन्ही ट्रॅकमध्ये तीच गडबड आहे. तुझ्या किकची शेपटी जवळजवळ ४०० मिलिसेकंद चालते. १२१ च्या टेम्पोला एक ठोका ४९६ मिलिसेकंदांचा. म्हणजे एक किक संपते न संपते तोवर दुसरी येते, बेसला मोकळं रान मिळतच नाही, आणि मग तू साइडचेन, म्हणजे किक आली की बेस दाबणारी सोय, एवढा ताणलास की बेसला धाप लागल्यासारखं झालंय. साइडचेन आहे त्याच्या निम्म्यावर आण. किक १८०-२०० मिलिसेकंदांत संपव, तिचा जोर ६० च्या आसपास ठेव, आणि बेसचे सूर किकच्या पायावर ठेवू नकोस, दोन किकच्या मध्ये ठेव. भजनात पखवाज आणि टाळ कसे एकमेकांना वाट देतात, एक बोलला की दुसरा थांबतो, तसं. आपल्याकडची पोरं हे लहानपणापासून दिंडीत ऐकतात, भजनी ठेका आठ मात्रांचा, चारच्या घरात बरोबर बसणारा, तुझ्या कानात ते आहेच, मशीनसमोर बसल्यावर विसरायला होतं एवढंच.

आता माग. हा आवाज काढायचा नाही, पण आत्ता आहे तसा ठेवायचाही नाही. मी वडगावात वाढलो, शेजारच्या घरात दोन माग होते, त्यामुळं हा आवाज मला आतनं माहीत आहे. मागाचा ठोका एकसारखा नसतो. धोटा डावीकडनं उजवीकडं जातो तेव्हाचा ठोका वेगळा, परत येतानाचा वेगळा, एक जरा भरीव, एक जरा कोरडा, आणि दोघांमधलं अंतरही अगदी सारखं नसतं, शिवाय पट्टा थोडा सरकला की वेग ढळतो. तू दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घेतलंस, ते ११८ च्या आसपास होतं असं लिहिलंयस, ते ताणून १२१ ला बसवलंस आणि प्रत्येक ठोका ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेमक्या रेघेवर, आणलास. ग्रिडवर आणल्या आणल्या मागाची चाल गेली, आणि ताणल्यामुळं लाकडाच्या आवाजाला पाण्यात बुडाल्यासारखी लहर आलीय, हेडफोनवर ऐक, कळेल.

माझं म्हणणं असं, की मूळ रेकॉर्डिंग परत उघड, त्यातनं धोटा पेटीवर आदळतो ते दोनच ठोके घे, एक जातानाचा, एक येतानाचा. ताणायचं काहीच नको. २०० च्या खालचं कापून टाक, ते नुसतं जमिनीचं थरथरणं आहे आणि बेसच्या वाटेत येतं. हे दोन ठोके तुझ्या रिमशॉटच्या, म्हणजे ड्रमच्या कडेवरच्या ठोक्याच्या, जागी आलटून पालटून लाव, आणि दुसरा ठोका साधारण १५ मिलिसेकंद उशिरा ठेव. १२१ ला सोळाव्या भागाचा ठोका १२४ मिलिसेकंदांचा, त्यावर १५ उशीर म्हणजे ५६ टक्के स्विंग (ठोक्याला दिलेला झोल), जुन्या एमपीसी ह्या ठोके वाजवायच्या मशीनवर हाऊसवाले जिथं बोट ठेवायचे साधारण तिथंच. मग बाकीच्या हॅटला पण तोच स्विंग दे, म्हणजे सगळा ट्रॅक मागाच्या चालीनं चालेल आणि ऐकणाऱ्याला माग आहे हे कदाचित कळणारही नाही, पण खासबागच्या माणसाला नक्की कळेल. मूळ लांब रेकॉर्डिंग अल्बमच्या अगदी शेवटी, सगळं थांबल्यावर, वीस सेकंद नुसतं राहू दे, माग बंद होतानाचं, तुझ्याकडं ते आहे, एक मिनिट बावन्न सेकंदांपुढं. आणि ज्यांच्या घरी रेकॉर्ड केलंस त्यांना विचारून घे, नाव छापायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

कॉर्डबद्दल फार बोलत नाही, तुझा हात आधीपासून चांगला आहे. फक्त तिसऱ्या ट्रॅकमध्ये मायनर नाइन्थ ह्या कॉर्डचा तोच आकार वर-खाली सरकवलायस, हाऊसची ती जुनी रीत आहे, पण वरच्या सरगमशी एक सूर भांडतोय, चौथ्या बारला. आपला कान षड्जाला बांधलेला असतो, तिथं ते खुपतं. तेवढा एक सूर बदल. सहा पॅडांच्या ऐवजी एकच ठेव आणि त्याला तानपुऱ्याचं काम दे, म्हणजे तो ऐकू यायला नको पण बंद केला की चुकल्यासारखं झालं पाहिजे.

तू मध्ये एक वाक्य लिहिलंयस की हे सगळं शिकागो-न्यूयॉर्कचं, बेळगावात बसून करणं बरोबर दिसतं का. हे मनातनं काढ. मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सेशन वादकानं १९८२ मध्येच रोलंड कंपनीच्या ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली होती, शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊसच्या कितीतरी आधी. तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही, २०१० ला ती परत निघाली तेव्हा जगभर लोक थक्क झाले. ही मशीनं कुणा एका गावाची नाहीत.

ट्रॅक किती? चौदापैकी आठ, फार तर नऊ. कुठले ते मी ठरवणार नाही, पण एक कर, चौदाच्या चौदा एका संध्याकाळी ओळीनं लाव, खोलीतला दिवा बंद कर, आणि ज्या ट्रॅकवर हात मोबाईलकडं गेला त्याच्यावर खूण कर. तू तबकडीचं पण विचारलंस. बारा इंचीची एक बाजू ३३ च्या वेगाला अठरा-वीस मिनिटांच्या पुढं नेलीस की आवाज बारीक होतो आणि बेस पातळ, डीप हाऊसला ते परवडत नाही. म्हणजे सहा मिनिटांचे तीनच ट्रॅक एका बाजूला. खालचा बेस मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हीकडं सारखा, लागतो, नाहीतर सुई उड्या मारते. आणि बहुतेक ठिकाणी कमीत कमी शे-दोनशे प्रतींची अट असते, तेवढे पैसे अडकवायच्या आधी डिजिटल काढ, मागणी बघ, मग चारच ट्रॅकची एक तबकडी कर.

मास्टरिंग मुंबईला पाठव की पुण्याला की माझ्याकडं, त्यानं फार फरक पडत नाही, ज्यानं मिक्स केलं त्यानंच मास्टर करू नये एवढं पाळ. आवाजाच्या पातळीच्या शर्यतीत मात्र पडू नकोस. स्पॉटिफाय सगळं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) आसपास आणून वाजवतं, तू उणे ६ ला चेपून दिलंस तर ते खाली ओढलं जाणार आणि वर चेपल्याचं नुकसान तेवढं शिल्लक राहणार. मी डीप हाऊसला उणे १० ते उणे ११ च्या वर जात नाही, शिखर उणे १ डीबीला अडवतो. किकला श्वास राहतो.

हक्कांचं दोन मिनिटं नीट वाच, कारण इथं मी पोळलोय. मला एका लेबलनं दोन पानांचा करार पाठवला होता, मी आनंदात सही केली, त्यात कायमस्वरूपी आणि सर्व माध्यमं असे शब्द होते, नंतर एकदाही हिशेब आला नाही आणि माझाच ट्रॅक मला माझ्या अल्बममध्ये घेता आला नाही. लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स ह्यांना सुद्धा आपल्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांसाठी २०२० ला अमेरिकेत कोर्टात जावं लागलं, २०२२ ला तडजोड होऊन हक्क परत मिळाले. आपल्याकडं २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहीनं सोडून देता येत नाही, कॉपीराइट सोसायटी किंवा वारस सोडून कुणाला तो देता येत नाही, पण रेकॉर्डिंगचा हक्क, म्हणजे मास्टर, तो देता येतो आणि लोक तोच घेतात. जुन्या दोन्ही ईपींचे करार शोधून काढ, अल्बममध्ये जुन्या ट्रॅकचा नवा मिक्स घालायचा विचार आहे म्हणतोस तर आधी तो हक्क तुझाच आहे का बघ. आयपीआरएसचं, म्हणजे रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सभासदत्व घे. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगच्या ओळखीचा नंबर, लावून घे. आणि पैशाचं खरं सांगायचं तर स्पॉटिफायवर वर्षाला हजार वेळा वाजल्याशिवाय त्या ट्रॅकचे पैसेच सुरू होत नाहीत आता, त्यापेक्षा बँडकॅम्पवर शंभर माणसांनी विकत घेतलं तर जास्त हातात पडतं, ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के ठेवून घेतात.

आवाजासाठी कुणाची जुनी नाट्यगीताची रेकॉर्ड कापून घ्यायचा विचार लिहिलायस तो सोडून दे. पद जुनं असलं तरी रेकॉर्डिंगवर ६० वर्षं हक्क असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझ्या घरात गाणारं माणूस आहे. तिसऱ्या ट्रॅकच्या माइकच्या चॅनेलवर मागं कुणीतरी कानडीत गुणगुणतंय, भांडी लावता लावता, तू ते म्यूट करून ठेवलंस. बायको असेल तर तिला विचार, तो सूर ट्रॅकच्या सुराला आपोआप लागलाय.

ह्या आठवड्यात एवढंच कर, दुसऱ्या ट्रॅकमधले पाच पॅड म्यूट, किक छोटी, बेस मूळ पातळीवर, कॉट हलवून मग ऐक, आणि पहिल्या ट्रॅकमधल्या स्पिंडलवरचे तीन रायझर काढ. बाकी कशाला हात लावू नकोस. दोन्ही ट्रॅकच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन रविवारी सकाळी नऊच्या आत येळ्ळूर रोडच्या गोडाऊनला ये, पेट्या मोकळ्या असतात, आपण दोघं लावून ऐकू. श्रावण लागायच्या आधी जमव, एकदा गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की अनंत चतुर्दशीपर्यंत त्या पेट्या कुणाला मिळत नाहीत.